पाऊल टेकवण्याआधी

अमावास्येच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास समुद्र पार आत गेलेला असतो. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आटोपून प्रभादेवीहून वरळीच्या दिशेने निघालं, की एरवी पाण्याखाली असणारे काळे खडक उघडे दिसतात. खडकाच्या सावलीतल्या डबक्याशी उकिडवं बसावं आणि डोळे स्थिरावू द्यावेत. नखाएवढी पिवळसर-तपकिरी फुलं दिसू लागतात. ती फुलं नव्हेत, प्राणी आहेत. यांतच कधी पोवळ्याची वसाहतही असते.

पोवळं आपल्याला माहीत असतं ते अंगठीतलं लाल रत्न म्हणून. समुद्रात मात्र ते इवल्या प्राण्यांचं चुनखडीचं घरकुल असतं. उथळ, स्वच्छ पाण्यातल्या बहुतेक पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं; ते उन्हावर अन्न तयार करतं आणि पोवळ्याला रंगही देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जास्त, काही आठवडे तापून राहिलं, की पोवळं या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं; यालाच विरंजन म्हणतात. लक्षद्वीपने हे 1998, 2010 आणि 2016 मध्ये सोसलं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली.

मुंबईत प्रवाळभित्ती नाहीत; गढूळ पाण्यात तग धरणाऱ्या तुरळक वसाहती आहेत. पण कायद्याला दोन्हींची किंमत सारखी. 2001 पासून सर्व कठीण पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. म्हणूनच किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळच्या 18 वसाहती 2020 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवाव्या लागल्या.

महाराष्ट्राची खरी प्रवाळसंपदा दक्षिणेला आहे. विजयदुर्गपासून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचं नाव मिरवणारा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला पठारी भाग आहे. त्याचा माथाही पाण्याखाली वीसेक मीटरवर. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी नितळ आणि पोवळी समृद्ध. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. आज सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात हजारो पर्यटक स्कूबासाठी पाण्यात उतरतात, आणि त्यांना नेणारे अनेकजण मच्छीमारांच्या घरातलेच आहेत. समुद्र टिकला तरच त्यांची चूल पेटणार.

तिथे नुकसान होतं ते बहुधा अजाणतेपणी. घाबरलेला नवखा माणूस आधारासाठी हात टाकतो तो नेमका पोवळ्यावर. पायातल्या फिनच्या फटक्याने उडालेली वाळू त्याच्यावर बसते. छायाचित्रासाठी माशांना पाव चारला जातो. नांगर तळाशी ओढला जातो. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारा गोलसर प्रवाळखडक एका लाथेने फुटला, तर आपल्या हयातीत भरून येत नाही. उपाय साधे आहेत: आधी वाळूच्या तळावर तरंगण्याचा सराव करायचा, हात छातीशी ठेवायचे, कशालाही शिवायचं नाही, शंखसुद्धा उचलायचा नाही. नावाड्याने नांगर न टाकता कायम बांधलेल्या बोयाला होडी बांधायची, आणि पर्यटकाने तसा आग्रह धरायचा.

ही शिस्त अंगी बाणायला मालवणच गाठायला हवं असं नाही. वरळीच्या त्या डबक्याकाठी मुलांना घेऊन बसलं, की ती शिकता येते. बोट पुढे करणाऱ्या मुलाला एवढंच सांगायचं, ‘बघ, पण हात नको लावूस.’ आणि उठताना, पुढचं पाऊल टेकवण्याआधी, खाली बघायचं.