जुनी मोटार घेताना

नवी मोटार घेण्याइतका पैसा गाठीस नसला म्हणजे गृहस्थ जुन्या मोटारीकडे वळतो. त्यात कमीपणा काही नाही. मात्र वर्षानुवर्षांची शिल्लक एकाच व्यवहारात खर्ची पडते. म्हणून पारख आधी करावी, म्हणजे पश्चात्तापाची वेळ येत नाही.

पहिला प्रश्न इंजिनाचा. डिझेल स्वस्त पडते, असे आपण ऐकत आलो; पण हिशेब मांडून पाहावा. मारुती स्विफ्ट ही परिचित लहान मोटार घ्या. तिचे २०१० नंतरचे पेट्रोल इंजिन ११९७ घनसेंटिमीटरचे, तर २०२० पर्यंत मिळणारे डिझेल इंजिन १२४८ चे. बाजार, शाळा व आप्तेष्ट मिळून वर्षाकाठी ५,००० किलोमीटर फिरणे होते असे धरू. लिटरमागे पेट्रोलवर १८ व डिझेलवर २२ किलोमीटर पडले, तर वर्षाची बचत सुमारे ५० लिटरांचीच! तेवढ्यासाठी इंजेक्टर व टर्बोच्या महागड्या दुरुस्तीचा धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. नुसत्या जवळच्या फेऱ्यांनी ती तुंबते. ज्याला नित्य दूरचा प्रवास आहे, त्यानेच डिझेलचा विचार करावा.

मोटार सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळते असे समजावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर आत पाणी शिरत असल्याचा संशय धरावा. मीटर कमी किलोमीटर दाखवीत असून पेडलांचे रबर झिजलेले असेल, तर मीटरावर विश्वास ठेवू नये. पायाखालचा गालिचा उचलून गंज पाहावा. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा. त्याची मजुरी वाया जात नाही.

शेवटी कागदपत्रे. इंजिन व चॅसी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. बँकेचा बोजा उतरला आहे ना, याची खात्री करावी. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, हे ध्यानी ठेवावे. बेळगावच्या गृहस्थाला गोव्याची मोटार स्वस्त वाटते. परंतु ना-हरकत दाखला, नवी नोंदणी व कर्नाटकाचा कर धरल्यावर खरी किंमत कळते.

विकणारा घाई करू लागला, की आपण सावकाश व्हावे. मोटारी पुष्कळ मिळतील. गेलेली शिल्लक मात्र लवकर परत येत नाही.