खाडीच्या अलीकडे

१९८५ च्या मे महिन्यात आम्ही परळची खोली सोडून भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर राहायला आलो. टेम्पोत कपाट, लोखंडी खाट, शिवणयंत्र आणि मांडीवर धरलेली तुळशीची कुंडी. मी सात वर्षांचा होतो. 'म्हणजे बोरिवलीच्याही पुढे?' असं दोनदा विचारून शेजारच्या काकूंनी आईच्या हातावर दही घातलं आणि पदर डोळ्यांना लावला. १९८२ च्या गिरणी संपानंतर चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून हलत होती. कुणी डोंबिवलीला, कुणी नालासोपाऱ्याला. बाबांची नोकरी फोर्टात होती. भाईंदर ते चर्चगेट म्हणजे त्रेचाळीस किलोमीटर, जायला एकदा आणि यायला एकदा. पण पागडीच्या पैशांत दोन खोल्या मिळत होत्या आणि संडास घरात होता. त्या एका गोष्टीवर आईने होकार दिला, हे ती आजही सांगते.

आम्ही सामान उतरवलं तेव्हा हा मुलूख ग्रामपंचायतींचा होता. जूनमध्ये शाळा सुरू होता होता त्या ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली. पुढे राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन ही पश्चिमेची गावंही तिच्यात आली आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाखांच्या घरात माणसं होती, दहा वर्षांनी ती पाच लाखांवर गेली आणि २०११ मध्ये ८,०९,३७८. आमच्या घरात हे आकडे वेगळ्या पद्धतीने कळायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी मिठागरं दिसायची, मग मिठागरांची एक पट्टी दिसायची, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंचे वाळत घातलेले कपडे.

त्या मिठागरांवर मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण भाईंदर म्हटलं की मला पहिला तोच पांढरा रंग दिसतो. मिरा रोड सोडल्यावर गाडीच्या दोन्ही अंगांना आरशासारखी पाण्याची चौकटं सुरू व्हायची, त्यांच्या बांधांवर मिठाच्या राशी, आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्यांच्याकडे डोळे बारीक केल्याशिवाय बघता यायचं नाही. पावसाआधी त्या राशी गवताने शाकारत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ओळीने झोपड्या बांधल्यात. परळहून आलेल्या माझ्या मामेभावाला तर मी तसंच सांगून ठेवलं होतं आणि त्याला ते कितीतरी दिवस खरं वाटत होतं.

वर्गात माझ्या शेजारी गोडदेवचा एक आगरी मुलगा बसायचा. त्याचा आजा मिठागरावर कामाला होता. चौथीच्या परीक्षा संपल्यावर तो मला तिकडे घेऊन गेला. बांधावर पाऊल ठेवायच्या आधीच आजाने चपला काढायला लावल्या. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून, चोपून चोपून गुळगुळीत केलेला असतो. त्यावर चपलेचा ठसा उमटला तर तिथे चिखल उखडतो आणि मीठ मळकं निघतं. उधाणाला खाडीचं पाणी उघडीतून आत घ्यायचं, मोठ्या कुंडात ठेवायचं, उन्हाने आटेल तसं एकातून दुसऱ्यात सोडत न्यायचं आणि शेवटी वीतभरही खोल नसलेल्या वाफ्यात आणायचं. आजा बोट बुडवून पाणी जिभेवर ठेवायचा आणि ते पुढे सोडायचं की नाही ते ठरवायचा. मी त्या वाफ्याशी उकिडवा बसलो होतो. दुधावर साय धरते तशी पाण्यावर एक पातळ, चमकणारी कातडी धरली होती. मी फुंकर घातली तर ती सरकली, तिला सुरकुत्या पडल्या आणि तिचे चौकोनी कण तळाशी जाऊन बसले. मीठ होताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आजाच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या आणि त्यांच्या कडा पांढऱ्या होत्या. त्या दुखतात का, असं मी विचारलं. तो हसला आणि लाकडी दांताळं ओढत पुढे गेला.

आगर म्हणजे मिठाचं शेत आणि त्यावरून आगरी, हे मला शाळेच्या पुस्तकाने सांगितलं नाही, त्या दुपारने सांगितलं. आज त्या मित्राच्या घरात मिठागरावर जाणारं कुणी नाही. त्याची मुलगी बँकेत आहे. आजाचं दांताळं मात्र त्याने पोटमाळ्यावर ठेवलंय आणि गणपतीच्या साफसफाईत दरवर्षी ते खाली उतरतं.

आमच्याकडे दुसरं रोजचं दृश्य पाण्याचं होतं, पण नळाच्या पाण्याचं. आजूबाजूला एवढी खाडी असून प्यायच्या पाण्याचे हाल होते. उल्हास नदीचं पाणी शहाड-टेमघरहून इतक्या लांब यायचं आणि आमच्यापर्यंत पोचेस्तो त्याचा जोर संपायचा. रात्री दोनला जिन्यात कुणीतरी 'पाणी आलं' म्हणून हाक द्यायचं आणि सगळ्या मजल्यांवर एकदम दिवे लागायचे. टँकर आला की रबरी नळीच्या तोंडाशी कळशी धरायचं काम आम्हा पोरांचं. तळमजल्यावरच्या गुजराती मावशी, दुसऱ्या मजल्यावरचे मालवणी आजोबा आणि शेजारचं मारवाडी कुटुंब यांच्याशी आमची ओळख त्या रांगेतच झाली. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेचा हंडा रोज कुणी ना कुणी वर पोचवायचं. ती पाळी लिहून ठेवलेली नव्हती, पण चुकत नसे. पुढे नळाला बऱ्यापैकी पाणी आलं, त्याचा आनंद मला आहेच. टँकरचा भोंगा मात्र कुठेही वाजला तरी आई अजून स्वयंपाकघरात भांडी शोधायला वळते.

पूर्वेला गल्लीगल्लीत स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने होते, काही अजून आहेत. संध्याकाळी पॉलिशवाले कामगार बाहेर पडायचे ते पापण्यांपर्यंत काळे झालेले. ज्या हातांनी दिवसभर ताटं-वाट्या आरशासारख्या केल्या, ते हात चहाच्या पेल्याभोवती धरून टपरीवर उभे. आमच्या रोजच्या जेवणाची ताटं त्या गल्लीतलीच होती.

रविवारी बाबा उत्साहात असले की स्टेशनाच्या पश्चिमेहून एसटी पकडून आम्ही उत्तनला जायचो. मुर्धे, राई, मोर्वे करत गाडी डोंगरी चढायची आणि अचानक समुद्र. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात, गाठ नाही की खिळा नाही. ख्रिस्ती कोळणी ते इतक्या झटपट करत की बघताना हात दिसत नसत. शेजारी चर्चची घंटा, पलीकडे चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला. वसईच्या मोहिमेत तो हातात असणं मराठ्यांना किती मोलाचं होतं, हे मला मोठेपणी वाचून कळलं. लहानपणी तिथून एकच गोष्ट बघायची असायची: खाडीच्या तोंडापलीकडे वसईचा किल्ला दिसतोय का.

आणि गाडी. १९३६ मध्येच विरारपर्यंत विजेची गाडी आली, तरी बोरिवलीच्या पुढे २००७ च्या सुमारापर्यंत जायला एक रूळ आणि यायला एक रूळ एवढंच होतं. मेल गाडी पुढे काढायची तर लोकल थांबणार. विरारहून भरून येणाऱ्या गाडीत भाईंदरला शिरणं म्हणजे भांडण. आतल्यांचा आमच्यावर राग, कारण त्यांच्या मते आम्ही जवळचे, आम्ही भाईंदर लोकलची वाट बघावी. बाबा त्या रागाला कधी उत्तर देत नसत. 'ते आपल्यापेक्षा अर्धा तास आधी उठलेत,' म्हणायचे.

सुट्टीत आम्ही नायगावला आत्याकडे जायचो, तेव्हा खाडीचा पूल लागायचा. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, जमिनीवरचा खडखडाट जाऊन खालून पोकळ गडगडाट येतो. तो सुरू झाला की डब्यातले लोक उठायचे. पिशव्यांतून निर्माल्य निघायचं, कुणाकडे सत्यनारायणाचं, कुणाकडे घटाचं, कधी नारळ. दारातून खाडीत भिरकावायचं आणि हात जोडायचे. आईही एक पुडी बरोबर घ्यायची. बाबा ती दारातून टाकायचे आणि आम्ही भावंडं डोळे मिटून नमस्कार करायचो. मला तो क्षण फार आवडायचा.

त्या पुलाच्या मधोमध पाणजू नावाचं बेट आहे, अर्ध्या वाटेवर रूळ त्याला टेकून पुढे जातात. बेटावर गाव आहे, कोळी-आगऱ्यांची घरं आहेत, शाळा आहे. तिथली माणसं होडीने येतात, आणि होडी नसेल तेव्हा रुळांच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून पुलावर चालत नायगाव गाठतात. वरून धावत्या गाडीतून आलेली निर्माल्याची पिशवी, नारळ त्यांना लागतो. डोकी फुटलीत. २०२५ च्या सप्टेंबरात अशा फेकलेल्या नारळाने बेटावरच्या एका तरुणाचा जीव गेला. ती बातमी वाचताना मी ऑफिसात होतो. पेपर खाली ठेवला आणि आमच्या किती पुड्या, किती वर्षं, हे मोजायला लागलो. आम्ही तर डोळे मिटून घेत होतो. खाली कुणी चालतंय का हे बघायचं कधी सुचलंच नाही.

गेल्या काही वर्षांत जुनं काय उरलं हे बघायचं तर मी पत्ते वाचतो. फाटक केव्हाच गेलं, तरी रिक्षावाल्याला 'फाटक' म्हटलं की तो बरोबर नेतो. रेल्वेची केबिन पाहिलेली माणसं थोडी उरली असतील, केबिन रोड आहे. खारीगावात तलाव रोड आहे. मांडली तलाव भिंतीआड का होईना अजून पाण्याने भरलेला आहे, गणपती तिथे जातात. दुकानांच्या पाट्यांवर नवघर, गोडदेव ही नावं अजून टिकून आहेत. मध्ये मला भीती वाटायची, की सगळं गोल्डन, सिल्व्हर आणि पार्क होऊन जाईल. मग मेट्रोचे खांब उभे राहिले. २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या टप्प्यावर चाचणीची गाडी धावली आणि स्थानकांची नावं निघाली: दहिसर, पांडुरंगवाडी, मिरागाव, काशीगाव. मिरागाव आणि काशीगाव! महामार्गावरच्या 'काशीमीरा' या एका शब्दात कोंबलेली दोन गावं वेगवेगळी होऊन, 'गाव' हे शेपूट लावून, पुन्हा उभी राहिली. ज्याने ती नावं कायम ठेवायचं ठरवलं, त्याचे मी मनापासून आभार मानतो.

नाटकाला आम्ही वर्षानुवर्षं बोरिवली नाही तर पार्ल्याला गेलो, तिसऱ्या अंकात घड्याळ बघत. आता दहिसर चेकनाक्याजवळ लता मंगेशकरांच्या नावाचं आपलं नाट्यगृह आहे. आई तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा मध्यंतरात तिने तीनदा विचारलं, 'परत जायला गाडी कितीची?' घर रिक्षाच्या अंतरावर होतं.

'तुमचं गाव कुठलं?' या प्रश्नाला बाबांनी शेवटपर्यंत राजापूर तालुक्यातल्या गावाचं नाव सांगितलं. भाईंदरमध्ये पस्तीस वर्षं राहिले, इथेच गेले. मीही कॉलेजात तेच सांगायचो. मुंबईकर मुलांना भाईंदर सांगायची लाजच वाटायची तेव्हा, आणि ती लाज मला आज बोचते. माझ्या मुलीला शाळेच्या अर्जात 'मूळ गाव' असा रकाना आला, तेव्हा तिने कुणाला न विचारता तिथे भाईंदर लिहिलं. मी ते खोडलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर आणि वसईच्या मध्ये रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने वर्सोवा पुलावरून वळसा घालून जायचं तर पस्तीसेक किलोमीटर. बोटीने पाव तासात वसईचा किल्ला. गेल्या पौषात आईला घेऊन मी त्या बोटीवर गेलो. सत्तरीच्या आईने कठड्याजवळची जागा धरली. चाळीस वर्षं इथे राहून तिने भाईंदर पाण्यावरून कधी पाहिलं नव्हतं. मागे बिल्डिंगांची रांग, कडेला तिवरं, आणि मिठागरांची जुनी जागा कुठली असेल ते ती बोटाने दाखवत होती. लांब पुलावरून एक लोकल चालली होती. आम्ही दोघंही एकदम गप्प झालो. डब्याच्या दारातून काहीतरी पांढरं सुटलं आणि खाली गेलं. आई कठड्याला धरून उभी राहिली आणि पुलाच्या कडेवर डोळे लावून बघत राहिली, गाडी नाहीशी झाल्यावरही.

तिच्या पिशवीत मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेची पुडी होती. देवासमोरच्या डब्यात महिनाभर राहिली होती, बोटीवरून खाडीत सोडायची म्हणून घेतलेली. ती परत घरी आली. संध्याकाळी आईने परळहून आणलेल्या कुंडीतली माती खुरप्याने उकरली, सुकलेली फुलं हाताने चुरून तुळशीच्या बुंध्याशी घातली आणि वरून पाणी ओतलं.