मैदानापलीकडे (भाग ७) : न्यायमूर्ती ॲलन पेज

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. बचावफळीच्या मधोमध उभ्या असलेल्या धिप्पाड गड्याचं काम एकच. समोरच्याला रेटून वाट काढायची आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला लोळवायचं. ॲलन पेज यांनी हे पंधरा मोसम केलं, आधी मिनेसोटा व्हायकिंग्जकडून, मग शिकागो बेअर्सकडून. १९७१मध्ये ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्याआधी बचावपटूला हा मान कधी मिळाला नव्हता. व्हायकिंग्ज मात्र चारदा सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पोहोचले आणि चारही वेळा हरले.

कायद्याचं शिक्षण पेज यांनी खेळता खेळताच घेतलं. पहिल्या प्रयत्नात तीन आठवड्यांत कॉलेज सोडलं होतं. दुसऱ्यांदा मिनेसोटा विद्यापीठात नाव घातलं आणि १९७८मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी ऐन मोसमात व्हायकिंग्जने त्यांना संघातून काढलं. लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद लागल्यापासून त्यांचं वजन उतरलं होतं आणि व्यवस्थापनाला ते खपत नव्हतं. शिकागोने अवघे शंभर डॉलर मोजून त्यांना घेतलं आणि पुढे १९८१पर्यंत खेळवलं. व्हायकिंग्जचा हिशेब कुठे चुकला, ते वेगळं सांगायला नको.

पुढे मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून जाण्यासाठी तर त्यांना आधी कोर्टाचीच पायरी चढावी लागली. मिनेसोटात न्यायमूर्ती निवडणुकीने येतात. १९९२मध्ये गव्हर्नरांनी एका न्यायमूर्तींची मुदत वाढवली आणि ती जागा मतपत्रिकेवरूनच गायब झाली. ती लढवू पाहणाऱ्या पेज यांनी दावा लावला, जिंकला, मग निवडणूकही जिंकली. १९९३मध्ये ते त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले आणि सत्तराव्या वर्षी, २०१५मध्ये, नियमानुसार निवृत्त झाले.

मला मात्र त्यांचं तिसरं काम जास्त मोलाचं वाटतं. व्हायकिंग्जच्या एका बैठकीत प्रशिक्षकांनी खेळाडूंना डावपेचांची वही मोठ्याने वाचायला सांगितली, तेव्हा काहींना ती धड वाचताच येईना. हे गडी कॉलेजात खेळून आलेले. म्हणजे शाळेपासून कॉलेजपर्यंत प्रत्येकाने त्यांना पुढे ढकललं, कारण ते सामने जिंकून देत होते. पेज यांच्या मनातून ही गोष्ट गेली नाही. १९८८मध्ये कॅंटन या त्यांच्या जन्मगावी फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा सन्मान झाला. त्या ‘हॉल’ची इमारत उभी राहत असताना पोरवयात त्यांनी तिथे मजुरी केली होती. अशा सोहळ्यात आपली ओळख करून द्यायला खेळाडू सहसा प्रशिक्षकाला बोलावतो; पेज यांनी मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं. भाषणही शिक्षणावरच केलं.

त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू झालं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या मुलांना ते कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देतं, पण एका अटीवर : वर्षाला किमान पन्नास तास आठवीपर्यंतच्या मुलांसोबत घालवायचे, त्यांचा अभ्यास घ्यायचा. आपल्यासारखाच दिसणारा, आपल्याच वस्तीतून कॉलेजात गेलेला दादा समोर बसून गणित सोडवतो तेव्हा पोराला कॉलेज परकं वाटत नाही. पैशाएवढंच, किंबहुना जास्त, बळ या अटीत आहे.

२०१७मध्ये मिनियापोलिसच्या एका शाळेने विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून नाव बदललं. आधीचं नाव होतं डकोटा आदिवासींना संपवा किंवा हाकलून द्या, असं म्हणणाऱ्या गव्हर्नर रॅम्झीचं. नवं नाव आहे ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’.

(पुढील भागात : ब्राझीलचा डॉक्टर कर्णधार, सॉक्रेटिस)