संवादकौशल्य म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाणारे संवादकौशल्य म्हणजे गोड बोलणे किंवा सफाईदार इंग्रजी, असा समज सर्रास आढळतो. गोड बोलण्याने रुग्णाला धीर येतो, हे खरेच. पण रुग्णाचे म्हणणे नेमके ऐकणे आणि आपले म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचले का हे तपासणे, हे खरे कौशल्य. अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्येच परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते शुश्रूषेच्या केंद्रस्थानी ठेवले होते.

या कौशल्यातला तपासण्याचा भाग अनेकदा राहून जातो. फोनवर नंबर लिहून घेणारा माणूस तो परत वाचून दाखवतो, तेव्हाच एखादा आकडा चुकलेला कळतो. ‘टीच-बॅक’ (सांगितलेले रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेणे) तसेच आहे.

जेवणाआधीचे इन्सुलिन समजावून झाल्यावर “समजलं ना आजी?” असे विचारले, की आजी मान डोलावतात. समोरच्या मुलीला वाईट वाटू नये, म्हणूनही डोलावतात! त्याऐवजी असे विचारावे: “आजी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी सुई कधी घ्याल?”

“जेवण झालं की, निजताना.”

चूक इथेच, घरी जाण्याआधी सापडते. ही आजींची परीक्षा नव्हे. तपासले जाते ते सांगणारीचे सांगणे. म्हणून तिने तेच पुन्हा, अधिक सोप्या शब्दांत सांगायचे आणि पुन्हा विचारायचे.