हेलियमवरून न्यूट्रिनोंची मोजणी
पुढे कणभौतिकी घ्यावी की विश्वरचनाशास्त्र, या घोळात असताना मला १९७७ चा एक हिशेब सापडला. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत उरलेले जवळजवळ सगळे न्यूट्रॉन हेलियममध्ये बांधले गेले. न्यूट्रिनोंचे प्रकार जास्त असते, तर विश्व अधिक वेगाने प्रसरण पावलं असतं. न्यूट्रॉनचे प्रोटॉन व्हायला वेळ कमी मिळून हेलियम वाढला असता. (फुग्यातला हेलियम इथे चालत नाही हं, तो जमिनीतल्या किरणोत्सारातून येतो!) विश्वातला तो आदिम हेलियम वस्तुमानाने सुमारे पाव हिस्साच. म्हणून स्टाइगमन, श्रॅम आणि गन म्हणाले, प्रकार मोजकेच असणार. १९८९ मध्ये सर्नच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात झेड कणाचं विघटन मोजलं. हलके न्यूट्रिनो तीनच निघाले! माझा घोळ मात्र वाढलाच.