ध्वनिमुद्रणाची बारा चिन्हं

नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गेसबर्ग या तंत्रज्ञानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच तिनं स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगितलं. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तिथं तयार होत. तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा, हे कळावं म्हणून ही सोय होती. तबकडीच्या मधल्या भागात मॅट्रिक्स क्रमांकही कोरलेला असे. जुन्या तबकड्यांचे संग्राहक आजही तो क्रमांक पाहून मुद्रण ओळखतात.

डिजिटल फाइलला ना लेबल, ना कोरलेला क्रमांक. नावावर विसंबावं, तर एकट्या 'फडके' या आडनावाची रोमन लिपीत दोन रूपं होतात. एकच अभंग चार ठिकाणी चार स्पेलिंगांनी सापडतो. अशा वेळी 'इंटरनॅशनल स्टँडर्ड रेकॉर्डिंग कोड', म्हणजे आयएसआरसी, कामी येतो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं १९८६ मध्ये तो मानक क्रमांक ३९०१ म्हणून प्रसिद्ध केला. जगभरची त्याची व्यवस्था ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएफपीआय पाहते.

कोडमध्ये बारा चिन्हं असतात. पहिली पाच कोड देणाऱ्याची, पुढचे दोन अंक वर्षाचे आणि शेवटचे पाच त्या वर्षातल्या अनुक्रमाचे. भारताला 'आय-एन' ही अक्षरं मिळाली आहेत, पण त्यावरून गाण्याचं गाव ठरवू नये. मराठी गाणं परदेशी वितरकामार्फत गेलं, तर सुरुवातीला दुसरीच अक्षरं दिसू शकतात. वर्षही कोड दिल्याचं असतं, गायल्याचं नव्हे. १९५० च्या तबकडीला २०१० मध्ये कोड मिळाला, तर तिथं '१०' येणार.

खरी गंमत 'एक मुद्रण, एक कोड' या नियमात आहे. 'गीतरामायण' घ्या. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, तेव्हा गदिमांची ५६ गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली. पुढं सुधीर फडके यांच्या आवाजात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. शब्द आणि चाल तीच, मुद्रणं मात्र वेगळी. या नियमानं प्रत्येकाला स्वतंत्र कोड लागेल. जुनं मुद्रण नुसतं नव्या सीडीवर आलं, तर कोड बदलत नाही. रिमिक्स झालं, की बदलतो. गाण्याचा व्हिडिओ हेही वेगळं मुद्रण, म्हणून त्याचाही कोड वेगळा.

मग शब्द आणि चालीचं काय? त्या रचनेसाठी आयएसडब्ल्यूसी हा दुसराच कोड आहे. त्याचा पहिला मान १९९५ मध्ये 'आबा' या स्वीडिश चमूच्या 'डान्सिंग क्वीन'ला मिळाला. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांसाठी हा कोड जास्त मोलाचा आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं त्यांचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं राखला. पण मुद्रणाचा कोड रचनेच्या कोडशी जोडलेलाच नसेल, तर गाणं कितीही वाजलं, तरी पैसे कवीच्या दारापर्यंत येण्याची वाट अडते.

मोबाइल काही सेकंद ऐकून गाणं ओळखतो, मग कोड कशाला, असा प्रश्न पडेल. शझामसारखं अॅप आवाजाच्या आलेखातली ठळक शिखरं हेरून साठ्यातल्या मुद्रणांशी ताडून पाहतं. त्याला आवाज जुळतो. पैसे कोणाला द्यायचे, हे त्या शिखरांत कुठंच लिहिलेलं नसतं. ते कोडपुढच्या नोंदीतच सापडतं. खुद्द कोडमध्ये मात्र कोणाचंही नाव नसतं आणि लिहिताना झालेली चूक पकडणारा तपासणी अंकही नसतो. मला ही त्याची मोठी उणीव वाटते, कारण मग सगळा भार नोंद भरणाऱ्यावर पडतो.

आपल्या भजनी मंडळांनी, शाहिरांनी आणि घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या तरुणांनी म्हणूनच वितरकाकडून प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी मागून वहीत लिहून ठेवावा. वितरक बदलला, तरी जुनाच कोड वापरायचा आग्रह धरावा, नाहीतर एकाच मुद्रणाची दोन खाती होतात. आणि फॉर्ममधले गीतकार व संगीतकार हे रकाने कृपया रिकामे सोडू नका.