शेवटची कसारा आणि रंगभवन

‘आई, मित्राकडे अभ्यासाला चाललोय, यायला उशीर होईल.’

नव्वदीच्या शेवटाला, एका ऑगस्टमधल्या दुपारी ही थाप मारून मी खडवली स्टेशन गाठलं. साध्या चेक्सच्या शर्टाखाली काळा टी-शर्ट होता. कल्याण स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरून घेतलेला, छातीवर भली मोठी कवटी. कॉलेजचा पास कल्याणपर्यंतच, त्यामुळे पुढचं तिकीट वेगळं काढलं. डोंबिवलीला माझा मामेभाऊ चढला. चौघांच्या बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा आणि त्या काळात माझ्यासाठी तो जवळपास देवच होता. गाडीत त्याने मला एकच सूचना दिली, ‘स्टेजवर कोण आहे ते विसरलास तरी चालेल. शेवटची कसारा विसरू नकोस.’

ज्यांचं ऑफिस बीकेसीत आणि घर ठाण्याच्या अलीकडे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग आमची खडवली. भातसा नदीमुळे रविवारी पिकनिकवाल्यांची झुंबड, एरवी शांत. कल्याणपर्यंत रात्री लोकल बऱ्याच. त्यापुढे मात्र शेवटची कसारा चुकली की सकाळपर्यंत कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर मुक्काम. त्यामुळे मुंबईतल्या कुठल्याही कार्यक्रमाबद्दल आमचे दोनच प्रश्न असतात. स्टेशनपासून किती लांब? आणि संपतो कधी?

या दोन्ही प्रश्नांना रंगभवनाइतकं झकास उत्तर मुंबईत दुसरं नव्हतं. धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे असलेलं हे राज्य सरकारचं खुलं नाट्यगृह. तेव्हा स्टेशनचं नाव सीएसटी झालं होतं, पण बोलताना सगळे व्हीटीच म्हणायचे. तर व्हीटीला उतरायचं, महापालिकेच्या इमारतीसमोरून सरळ मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालायचं. दहाएक मिनिटं. रिक्षा नाही, बस नाही, टॅक्सीवाल्याची मिनतवारी नाही. पश्चिम रेल्वेवाल्यांना मरीन लाइन्स जवळ. म्हणजे विरारचा पोरगा आणि खडवलीचा पोरगा एकाच गेटवर, एकाच लायनीत, सारखेच भिजलेले.

भिजलेले, कारण महिना ऑगस्ट. इंडिपेन्डन्स रॉक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘आय-रॉक’, भरायचं १५ ऑगस्टच्या आगेमागे. नावाचं मूळही त्यातच. ‘मिराज’ या रॉक बँडचा फरहाद वाडिया याने १९८६ मध्ये ते सुरू केलं. तेव्हा एमटीव्ही नाही, इंटरनेट नाही. परदेशी कॅसेट मिळाली तर ती दहा जणांत कॉपी होऊन फिरायची आणि दहाव्याच्या हातात येईपर्यंत निम्मी खरखरच उरायची. अशा दिवसांत, आपल्याच देशातले बँड मोठ्या स्टेजवर, मोठ्या साउंडवर ऐकायला मिळणं ही चैन होती. रॉक मशीन इथे गाजलं. याच बँडने पुढे १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. परिक्रमा, पेंटाग्राम, ब्रह्मा, झीरो... त्या पिढीतलं जवळपास प्रत्येक नाव आय-रॉकशी जोडलेलं आहे. पेंटाग्रामचा गायक विशाल दादलानी आज तुम्हाला हिंदी सिनेमाचा संगीतकार म्हणून माहीत असेल. आम्हाला तो आधी घसा फाडून ओरडणारा म्हणून माहीत होता.

आत शिरल्यावर मी पहिली दहा मिनिटं नुसता उभा होतो. इतके काळे टी-शर्ट एका ठिकाणी मी कधीच पाहिले नव्हते! आमच्या गावात लांब केस ठेवले की न्हावी स्वतःहून हाक मारायचा. इथे सगळेच तसे. कोणीच कोणाकडे वळून बघत नव्हतं. आणि पब्लिक म्हणजे खवट. एखादा बँड आवडला नाही तर सरळ हुर्यो. वर रिकाम्या बाटल्याही भिरकावल्या जायच्या. त्याचं कौतुक मला तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण ज्यांना याच पब्लिकने ‘वन्स मोर’ दिला त्यांना वर्षभर कोणी काही बोलायची टाप नसायची. दादाच्या बँडचं सगळं स्वप्न एवढंच होतं. एकदा त्या स्टेजवर, दहा मिनिटांसाठी का होईना. डोंबिवलीतल्या एका गाळ्यात शटर खाली ओढून त्यांची प्रॅक्टिस चालायची. एक डेमो कॅसेट तयार होती. दुसरी ‘अजून चांगली’ तयार व्हायची होती.

ती तयार होईपर्यंत रंगभवनच गेलं.

गेलं म्हणजे पडलं नाही. सायलेन्स झोनमध्ये सापडलं. केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले ते १४ फेब्रुवारी २००० रोजी (हो, व्हॅलेंटाइन डेलाच). हॉस्पिटल, शिक्षणसंस्था आणि कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा आला. तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. आता रंगभवनाचा शेजार बघा. कॉलेज भिंतीला भिंत लावून, कामा हॉस्पिटल जवळ, जीटी हॉस्पिटल जवळ, एस्प्लनेड कोर्टही तिथेच. सरकारी मोजपट्टी घेऊन कुठूनही मोजा, मधे येणार रंगभवनच. ४० डेसिबलमध्ये तर ड्रमरने काठ्या नुसत्या बॅगेतून काढल्या तरी पुरे. मग प्रकरणं हायकोर्टात गेली आणि दशकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांतच तिथली गाणी थांबली.

नुसतं आय-रॉक गेलं असतं तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणणारे पुष्कळ होते. पण याच मंचावर निरंजन झवेरींची ‘जॅझ यात्रा’ भरायची. १९७८ च्या पहिल्याच यात्रेला सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा येऊन गेला होता. म्हणजे नियमाने रॉकवाल्यांना वेगळं काढून झोडपलं, असं नाही. सगळ्यांना एकाच मापाने शांत केलं.

इथे एक कबुली द्यायला हवी. कित्येक वर्षं मी या नियमाला मनसोक्त शिव्या घातल्या. मग एके वर्षी वडिलांचं ऑपरेशन दक्षिण मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात झालं. त्या रात्री मी बाकड्यावर बसून होतो. खालच्या रस्त्यावरून एक वरात गेली. पाच मिनिटं, फार तर सात. पण बाबांनी उशीत कान दाबून घेतला होता, ते मी पाहिलं. त्यानंतर माझ्या शिव्या कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, कारण एक प्रश्न उरतोच. आवाज तिथून हलवायचा होता हे ठीक. पण मग तो कुठे न्यायचा, हे कोणी ठरवलं?

कोणीच नाही. जिथे जागा आणि परवानगी मिळेल तिथे आय-रॉक फिरत राहिलं. अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही काही वर्षं झालं. आता खडवलीहून अंधेरीचा हिशोब मांडा. दादरला गाडी बदला, अंधेरीला उतरा, मग रिक्षाची लाइन. आणि परत येताना हेच सगळं उलट, रात्री, शेवटच्या कसाराच्या आत. स्टेजवरचा शेवटचा बँड हा त्या संध्याकाळचा मोठा बँड असतो, आणि आम्हाला निघावं लागायचं तो चढायच्या आधी. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा गेलो नाही. तोवर मला नोकरी लागली होती, शनिवारी हाफ डे नव्हता. दादा विमा विकत होता. बेस गिटार माळ्यावर गेली, ती दुसरी कॅसेट कधी झालीच नाही.

दरम्यान काळही बदलला. २००७ मध्ये गोव्यात सनबर्न सुरू झालं, २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर. एकाच वेळी चालणारी अनेक स्टेजं, हातात बँड, खायचे स्टॉल, परदेशी हेडलाइनर. झक्कास मामला, खोटं कशाला बोला. पण तिथे जायला सुट्टी टाकावी लागते, राहायची सोय लागते, खिसा लागतो. परतीच्या तिकिटापुरते पैसे बाजूला काढून गेलेल्या पोराचा तो फेस्टिव्हल नाही. २०१३ नंतर आय-रॉक बंदच झालं. लोक स्पॉन्सरना दोष देतात, यूट्यूबला देतात, पब्लिक पांगलं म्हणतात. असेलही सगळं थोडं थोडं. मला विचाराल तर ते स्टेशनपासून लांब गेलं तेव्हाच निम्मं संपलं होतं.

रंगभवनाचं पुढे काय झालं? तिथे मराठी भाषा भवन उभारायच्या घोषणा झाल्या. शेवटी त्या भवनाचं भूमिपूजन झालं २०२२ च्या गुढीपाडव्याला, तेही चर्नी रोडला. रंगभवनाशेजारची गल्ली मात्र साऱ्या देशाला माहीत झाली, ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीनंतर. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर तिथेच शहीद झाले. आता त्या गल्लीतून जाताना गाणी आठवली की थोडं अपराधी वाटतं.

आणि मग नोव्हेंबर २०२२. नऊ वर्षांनी आय-रॉक परत येणार अशी बातमी आली. महिंद्रांचं नाव पुढे लावून, माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर, दोन दिवस. मी दादाला फोन लावला. तो आता पन्नाशीला टेकलाय, गुडघे कुरकुरतात, मुलगी बारावीत. मी म्हटलं, ‘दादा, येणार का?’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने विचारलं, ‘डॉकयार्ड रोडवरून चालत जाता येतं का रे? आणि संपतं किती वाजता?’

‘दहाला. आता सगळंच दहाला संपतं.’

‘मग कसारा मिळेल तुला,’ तो म्हणाला. ‘काढ तिकिटं.’